अंदाजानं

पियूसीच्या पोरानं नळी बाहेर ओढली, फडक्यानं पुसली
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.
तीन दशांश चालतं. एक पूर्णांक चार आलं होतं.
"नापास, मावशी."

छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली,
खात्याच्या एकाही परीक्षेत हा शब्द ऐकला नाही.
आणि भुसावळात, भर हायवेला,
दीपनगरच्या चिमण्या धूर सोडत समोर उभ्या असताना
माझी अल्टो नापास.

मुराद तडवीनं बॉनेट उघडलंच नाही.
सायलेन्सरमागे उकिडवा बसला,
बोट आत फिरवलं, काळं झालेलं हुंगलं.
"कच्चं पेट्रोल येऊ राह्यलं, ताई.
वास नाही आला तुम्हाला?"
मी म्हटलं, नाही.
एवढंच म्हटलं.

"मंग हिचं नाक गेलं. ऑक्सिजन सेन्सर.
धुरात हवा किती उरली ते हुंगायचं अन् वर कळवायचं,
हे त्याचं काम. आता त्याला काहीच कळेना,
म्हणून इंजिन बिचारं अंदाजानं पेट्रोल वतू राह्यलं.
कमी पडू नये म्हणून
जास्तच."

हे पलीकडे जुन्या टायरवर बसून पेरू खात होते.
खायचे थांबले.

तीन वर्षांपूर्वीच्या तापात माझा वास गेला.
ताप उतरला, चव अर्धीमुर्धी परतली, वास नाही.
लसूण नाही, रॉकेल नाही, नातवाचं न्हाऊन आलेलं डोकं नाही.
मी फोडणीवर वाकून वाट बघायची,
मग आणखी एक चिमूट हिंग,
मग आणखी एक.
हे जेवायचे.
पाणी जरा जास्त प्यायचे.
सात महिने.
शेवटी फैजपूरच्या नणंदेनं पहिल्याच घासाला ताट सारलं,
"वहिनी, ही डाळ आहे का काढा?"
मी यांच्याकडे बघितलं.
हे ताटातलं मीठ बोटानं नीट करत होते.

सेन्सर निघेना.
पंधरा वर्षं तापून, निवून आटे धरून बसलेला.
मुरादनं तेल सोडलं, आम्हाला चहा पाजला,
पुन्हा तेल सोडलं,
बावीसच्या खाचेच्या पान्यात लांब पाईप अडकवला
आणि दात आवळून त्याला लटकला.
कट्ट. मला वाटलं, मोडलं.

मोडलं नव्हतं. अंगठ्याएवढा तुकडा,
टोकाला चुलीवरच्या तव्याला धरते तशी काजळी.
नवा डबीतून काढताना म्हणाला, टोकाला हात नका लावू,
बाळाची टाळू भरायच्या आधी म्हणतात तसं.
तीन हजार दोनशे. मजुरी वेगळी.
"माणसासाठी मिळतो का रे असा?" हे म्हणाले.
कुणीच हसलं नाही, मग मीच हसले.
जुना मी मागून घेतला. "भंगार आहे, ताई."
म्हटलं, असू दे.

"लगेच नका जाऊ तपासायला," मुराद म्हणाला,
"बॅटरी काढून लावली, आता ती सगळं नव्यानं शिकणार.
सावद्यापर्यंत फिरवून आणा."

तापीचा पूल, मग दोन्ही अंगांनी केळी.
पिवळा दिवा विझलेला. त्या जागेकडे मी उगाच बघत राहिले.
एका बांधाशी पऱ्हाट्यांचा जाळ, भोवती आठदहा माणसं,
भरिताचा बेत.
मी काच खाली केली. सवय जात नाही.
गार हवा आली, डोळे चुरचुरले, म्हणजे धूरही आला असणार.
हे गप्प.
मी गाडी बाजूला घेतली.
"सांगा."
"काय सांगू?"
"जसं आहे तसं सांगा."
त्यांनी नाक वर केलं. वेळ घेतला.
"वांगी. एका बाजूनं करपली.
कुणीतरी ओल्या काड्या टाकल्यात.
अन् तुझ्या पदराला मघापासून ग्रीसचा वास येतोय."
"मघापासून?"
"हो, म्हणजे, गॅरेजपासून."

दुपारी पोरानं कागद दिला. पास.
नंबरप्लेटचा फोटो वाकडा आला होता,
मागच्या काचेत आम्ही दोघं, बारीक,
कशावरून तरी वाद घालताना.